कडबा, पेंड आणि जनावरांचे कोठीपोट

परभणी जिल्ह्यात रब्बी ज्वारीचा कडबा हा गुराढोरांचा मुख्य चारा होय. उन्हाळ्यात गव्हाण कडब्याने भरलेली असूनही लाल कंधारी बैल खंगत जातो. उलट मळणीच्या दिवसांत एखादी गाय धान्याच्या राशीवर ताव मारते आणि एक-दोन दिवसांत दगावते. या दोन्ही गोष्टींचे मूळ कोठीपोटातील पचनक्रियेत आहे.

जंतूंचे कार्य

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी सर्वांत मोठा कप्पा कोठीपोट होय. मोठ्या गुरांत त्यात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. तेथील असंख्य सूक्ष्म जंतू चाऱ्यातील तंतुमय भाग आंबवून अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. ती रक्तात शोषली जाऊन जनावरास लागणाऱ्या शक्तीचा बराच मोठा भाग पुरवितात. अ‍ॅसेटिक आम्ल दुधातील स्निग्धांशास उपयोगी पडते, तर प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतात साखर बनते. पुढे हे जंतूही पचून जनावरास प्रथिने देतात. म्हणून जनावरास चारणे म्हणजे प्रथम या जंतूंना पोसणे होय.

नुसता कडबा अपुरा का?

जंतूंच्या वाढीसाठी चाऱ्यात शेकडा सात ते आठ भाग प्रथिने असावी लागतात. कडब्यात ती याच्या निम्म्याच्या आसपासच असतात. जंतू कमी पडले की चारा सावकाश पचतो, पोट भरलेले राहते व जनावर कमी खाते. याकरिता कडब्याची कुट्टी करून तिच्याबरोबर हरभऱ्याचे किंवा तुरीचे भुसकट, लसूणघास व थोडी सरकीची पेंड द्यावी.

धान्याचा अतिरेक

धान्यातील पिष्ट फार जलद आंबते. ते एकदम पोटात गेल्यास लॅक्टिक आम्ल साचते व तंतू पचविणारे जंतू मरतात. चघळण्याने व रवंथाने सुटणारी लाळ आम्लाचा जोर कमी करते. परंतु धान्य फारसे चघळावे लागत नाही व पुढे रवंथही थांबते. जनावर सुस्त होते, पातळ हगते व त्याचे डोळे खोल जातात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे. कापणीनंतर कणसे पडलेल्या रानात मेंढ्यांनाही हाच धोका असतो. त्यांना आधी सुका चारा देऊन मगच थोडा वेळ तेथे चारावे.

लक्षात ठेवावे

१. चारा किंवा खुराक बदलताना दहा ते पंधरा दिवसांत हळूहळू बदलावा.
२. खुराक एकाच वेळी न देता दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावा.
३. खळ्याभोवती कुंपण घालावे.
४. स्वच्छ पाणी व मीठ नेहमी उपलब्ध ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वीच ही माहिती पशुपालकांस व मेंढपाळांस द्यावी.