वृक्षांची शुश्रूषा : जखम, करवत आणि दोर

कोलकात्याच्या पश्चिमेस, हुगळी नदीच्या पैलतीरावर, हावड्यातील शिवपूर येथे आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान आहे. १७८७ साली स्थापन झालेल्या या उद्यानात एक विशाल वटवृक्ष असून त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक असावे, असे मानले जाते. जमिनीत रुजून खांबांप्रमाणे उभ्या राहिलेल्या त्याच्या पारंब्यांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. दुरून पाहणाऱ्यास ते एखादे लहानसे अरण्यच वाटावे. परंतु या वृक्षाला आज मूळ खोड नाही. १८६४ आणि १८६७ सालच्या चक्रीवादळांत त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या, उघड्या पडलेल्या लाकडात बुरशी शिरली आणि खोड आतून कुजत गेले. अखेर उर्वरित वृक्ष वाचावा म्हणून १९२५ साली ते खोड काढून टाकण्यात आले.

वादळाने केलेली जखम आणि तिचा अखेरचा परिणाम यांच्यामध्ये येथे जवळजवळ साठ वर्षे गेली. वडाला पारंब्यांचा आधार होता म्हणून तो तगला. आंबा, चिंच, जांभूळ किंवा कडुनिंब यांना असा दुसरा आधार नसतो. वृक्षांची निगा राखण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे, त्यांच्या व्यवसायातील मुख्य अडचण याच एका गोष्टीत सामावलेली आहे. झाडावर केलेल्या घावाचा परिणाम इतक्या संथपणे प्रकट होतो की घाव घालणाऱ्याला तो बहुधा पाहायला मिळत नाही. आपली चूक त्याला कळावी, असा कोणताही प्रसंग त्याच्या कामाच्या दिवसात येत नाही. म्हणूनच या व्यवसायातील साधने, नियम आणि सवयी समजून घ्यावयाच्या असतील, तर प्रथम झाडाची जखम म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे.

जखम आणि तिचे कोंडणे

माणसाच्या शरीरावर जखम झाली म्हणजे नष्ट झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात व जखम भरून निघते. झाडाचेही तसेच होत असावे, ही समजूत फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात झाडाचा रोगट भाग प्रथम शस्त्राने साफ करावा, त्यावर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा व दूध मिसळलेले पाणी शिंपावे, असा उपचार सांगितला आहे. अमेरिकेत जॉन डेव्ही या मूळच्या इंग्रज माळ्याने १९०१ साली 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि झाडाचा वैद्य ही कल्पना तेथे रूढ झाली. खोडातील पोकळी खरवडून तीत सिमेंट भरणे आणि कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासणे, हे उपचार त्यानंतर अनेक दशके चालू राहिले.

या समजुतीला मोठा धक्का दिला तो अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी. हाताच्या करवतीने ओंडका आडवा कापणे सोपे, परंतु उभा चिरणे अतिशय कष्टाचे असते. यंत्रावर चालणारी साखळीची करवत, म्हणजेच चेन सॉ, हाती आल्यामुळे शायगो यांना हजारो झाडे उभी चिरून आतील कुजीचा मार्ग पाहता आला. १९७७ साली त्यांनी आपले निष्कर्ष एका सुसंगत प्रतिमानाच्या रूपाने मांडले. त्यांचे सार असे : झाड जखम भरून काढीत नाही, ते जखमेला कोंडून टाकते. मेलेले लाकूड पुन्हा जिवंत होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंती उभारते आणि नवी वाढ त्या भिंतींच्या बाहेरून करते.

शायगो यांनी अशा चार भिंती सांगितल्या. लाकडातून पाणी वर वाहून नेणाऱ्या नलिका बुजवून कूज वर-खाली पसरण्यास अटकाव करणारी पहिली भिंत सर्वांत दुबळी असते. कुजलेली पोकळी खोडात उभी लांब पसरलेली दिसते, ती यामुळेच. दुसरी भिंत वार्षिक वाढीच्या कड्यांची असून ती कुजीला गाभ्याकडे जाऊ देत नाही. तिसरी भिंत गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरणांसारख्या पेशीरांगांची होय. ती कूज बाजूंना पसरू देत नाही. चौथी भिंत मात्र जखम झाल्यानंतर निर्माण होते. सालीच्या आत वाढ घडवून आणणारा जो पातळ जिवंत थर असतो, तो ती तयार करतो आणि सर्वांत बळकट भिंत हीच असते. जुने लाकूड कुजून खोड पोकळ झाले तरी बाहेर नवे निरोगी लाकूड वाढत राहते, ते तिच्या आधाराने. जुन्या पद्धतीने पोकळी खोलवर खरवडताना नेमकी हीच भिंत फोडली जाई. सिमेंट भरणारा वैद्य आपल्या हातांनी कुजीला वाट करून देत असे.

फांदी कोठे कापावी

या ज्ञानातून रोजच्या कामाचा एक साधा नियम निघाला. फांदी जेथे खोडातून निघते, तेथे तिच्या बुडाशी थोडासा फुगवटा असतो आणि वरच्या बेचक्यात सालीची एक उंच, खडबडीत वळी दिसते. कुजीला अडविणारी मोठी यंत्रणा या फुगवट्यात असते. फांदी खोडाशी अगदी सपाट कापली तर फुगवटा नाहीसा होतो आणि जखम मूळ खोडाला होते. उलटपक्षी, हातभर खुंट सोडला तर तो वाळतो, कुजतो आणि झाडाला त्यावरून नवे लाकूड चढविता येत नाही. म्हणून काप फुगवट्याच्या लगत, परंतु त्याच्या बाहेरच घ्यावा लागतो. असा काप योग्य पडला असेल तर काही वर्षांत त्याच्या कडेने नव्या लाकडाचे एकसारखे गोल वलय दिसू लागते. वर रंग फासल्याने कूज थांबत नाही, असेही शायगो यांच्या प्रयोगांतून दिसून आले.

जड फांदी एकाच कापात उतरविली तर ती अर्धी चिरली जाताच स्वतःच्या भाराने खाली झुकते आणि खोडाची साल लांबवर सोलून नेते. यास्तव ती तीन कापांत काढतात. पहिला काप खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर, खालच्या बाजूने, अर्धवट घेतात. दुसरा काप त्याच्या किंचित पुढे, वरून घेतात. फांदी या ठिकाणी मोडून पडते व साल फाटणे पहिल्या कापाशी थांबते. उरलेला खुंट हलका असतो. तो तिसऱ्या कापाने फुगवट्याच्या बाहेर काळजीपूर्वक काढतात.

झाडावर चढणे

कुशल कामगाराचा दिवस झाडावर चढून सुरू होत नाही. तो प्रथम झाडाभोवती फिरतो. बुंध्याशी बुरशीची छत्रे उगवली आहेत काय, मुळांजवळ माती भेगाळली आहे काय, वरच्या बेचक्यात चीर गेली आहे काय, हे तो पाहतो. लाकडी हातोड्याने खोडावर ठोके देऊन आवाजावरून पोकळीचा अंदाज घेतो. अलीकडे खोडाभोवती संवेदक बसवून ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील कुजीचे चित्र काढणारी उपकरणेही वापरली जातात. ही पाहणी जितकी झाडासाठी, तितकीच चढणाऱ्याच्या जिवासाठी असते. ज्या फांदीवर दोर टाकावयाचा ती कुजकी निघाली, तर दोर कितीही मजबूत असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

चढण्यासाठी प्रथम एका बारीक दोरीला वजनाची छोटी पिशवी बांधून ती भक्कम बेचक्यातून फेकतात व तिच्या साहाय्याने मुख्य दोर वर ओढून घेतात. पूर्वी हे दोर अंबाडीसारख्या वनस्पतींच्या तंतूंचे असत. ते भिजले की कुजत आणि आतून कमकुवत झालेले बाहेरून ओळखू येत नसत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन व तत्सम कृत्रिम धाग्यांचे दोर प्रचारात आले. चढणारा कमरेला व मांड्यांना पट्टे बांधून दोराला लटकतो आणि घर्षणाच्या गाठीने वर सरकतो. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९३१ साली प्रसिद्ध झालेली गाठ ही या प्रकारातील सुपरिचित गाठ होय. भार पडला की ती आवळते व हाताने सैल केली की सरकते.

बुटांना बांधावयाच्या लोखंडी काट्यांनी चढणे जलद होते. परंतु प्रत्येक पावलागणिक सालीत छिद्र पडते व प्रत्येक छिद्र कुजीचे द्वार ठरू शकते. म्हणून जे झाड मुळासकट काढावयाचे आहे, त्यावरच काटे वापरावेत, असा या व्यवसायाचा दंडक आहे. कोकणात, गोव्यात व केरळात नारळावर चढणाऱ्यांनाही हा प्रश्न वेगळ्या रूपाने ठाऊक आहे. पाय ठेवण्यासाठी खोडात खाचा घेतल्या तर त्या कायमच्या राहतात, कारण नारळाच्या सालीखाली नवे लाकूड घडविणारा थरच नसतो. पायात दोराचे कडे अडकवून चढण्याच्या पद्धतीत खोड मात्र अभंग राहते. केरळात चढणाऱ्यांची संख्या घटू लागली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुण-तरुणींना चढाईच्या यंत्राचे शिक्षण देण्यास आरंभ केला.

करवत आणि तिचा धोका

जर्मन अभियंते आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. आरंभीच्या या करवती दोघांनी मिळून चालवाव्या लागत. एका माणसाने झाडावर नेता येईल इतकी ती हलकी होण्यास आणखी काही दशके लागली. तिने श्रम वाचले यात शंका नाही. परंतु कुऱ्हाडीने अर्धा तास लागणारा चुकीचा घाव आता क्षणार्धात घालता येऊ लागला, हेही तितकेच खरे.

करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर ती उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून ती दोन्ही हातांनीच धरावी, खांद्याच्या वर नेऊन चालवू नये आणि करवत चालू असताना शरीर दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेले असावे, असे नियम आहेत. दुसऱ्या बंधनासाठी पोलादी तार घातलेला आखूड दोर वापरतात, कारण साध्या दोराला साखळीचा नुसता स्पर्श झाला तरी तो तुटतो. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर आच्छादन आणि विशिष्ट विजार हा उरलेला पोशाख होय. या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडात शिरली की ते धागे तिच्या चाकात गुंततात आणि करवत जागच्या जागी थांबते.

वर काम करणाऱ्याचे जीवित बऱ्याच अंशी खाली उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून असते. फांदी दोराने बांधून तो दोर बुंध्याभोवती गुंडाळून हळूहळू सोडणे, पडणाऱ्या फांद्यांखाली कोणास येऊ न देणे आणि दोर मोकळा ठेवणे, ही कामे तो करतो. वर कोणी जखमी झाल्यास त्याला उतरवून आणू शकेल असा दुसरा चढणारा खाली हजर असल्यावाचून काम सुरू करू नये, हा नियम तर सर्वांत महत्त्वाचा. विजेच्या तारांजवळ प्रवाह बंद झाल्याची खात्री करून घेणे हे त्याइतकेच आवश्यक असते. ओल्या फांदीतूनही विजेचा धक्का बसू शकतो.

भारतीय नगरांतील झाडे

आपल्या शहरांत दर वर्षी पावसाळ्यापूर्वी रस्त्यांवरील झाडांची छाटणी होते. जेथे हे काम कंत्राटाने आणि घाईने उरकले जाते, तेथे कोयता, कुऱ्हाड व शिडी यांवरच भागविले जाते. कामगाराच्या कमरेला पट्टा नसतो आणि झाडाचा शेंडा सरसकट उडविला जातो. अशा छाटलेल्या टोकांवर लवकरच दाट पालवी फुटते व झाड सुधारल्याचा भास होतो. परंतु या नव्या फांद्या लाकडात खोलवर रुजलेल्या नसतात. खालचा खुंट कुजत जातो आणि काही वर्षांनी वादळात त्याच फांद्या मोडून पडतात. अपघात टळावा म्हणून केलेली छाटणी अशा रीतीने पुढच्या अपघाताची तयारी करून ठेवते.

कायद्याने या प्रश्नाकडे लक्ष दिले आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७५ साली झाला व वृक्ष प्राधिकरणे अस्तित्वात आली. दिल्लीत असा अधिनियम १९९४ साली झाला. झाडांच्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतल्याने मुळांना हवा-पाणी मिळत नाही, हे ध्यानी घेऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. मात्र फांदी कोठे कापावी, हे करवत धरणाऱ्या हातालाच ठाऊक असावे लागते. ते शिकविण्याची सोय करणे आणि शिकलेल्याला दोर, पट्टा व पुरेसा वेळ देणे, हे काम कायद्याच्या पुढचे आहे.

तेलंगणातील महबूबनगरजवळच्या 'पिल्ललमर्री' या प्राचीन वटवृक्षाची एक मोठी फांदी डिसेंबर २०१७ मध्ये कोसळली. वाळवीने तो पोखरला होता. २०१८ साली वनखात्याने रुग्णाला सलाईन लावावे त्याप्रमाणे बाटल्या टांगून खोडात थेंबथेंब कीटकनाशक सोडले आणि झुकलेल्या फांद्यांना आधार दिले. शिवपूरच्या वडालाही मे २०२० मधील अंफन चक्रीवादळाचा तडाखा बसला व त्याच्या अनेक पारंब्यांची हानी झाली. १८६४ नंतर त्या वृक्षाच्या मोडक्या फांद्यांकडे पाहणाऱ्यांना जखम कशी कोंडली जाते, हे ठाऊक नव्हते. आजच्या पिढीला ते ठाऊक आहे. तिने घेतलेले काप योग्य जागी पडले की नाही, हे मात्र त्या वडाच्या सावलीत पुढे केव्हातरी उभे राहणारे लोकच पाहतील.