परड्यातल्या दहा कोंबड्या



आपल्या पत्रिकेत उसाच्या बेण्यापासून पाचट कुजवण्यापर्यंत सगळ्यांवर लिहून येते, पण परड्यातल्या कोंबडीवर सहसा कोणी लिहीत नाही. तो बायकांचा विषय म्हणून आपण पुरुष मंडळी सोडून देतो. खरं पाहता मीठ-मिरची, पोरांच्या वह्या आणि दवाखान्याला जायचं एस. टी.चं भाडं हे कितीतरी घरांत अंड्यांवरच भागत आलं आहे. आडसाली ऊस लावला की तो तुटायला सोळा-अठरा महिने जातात, बिल त्यानंतर. अंड्याचा पैसा मात्र आठवड्याच्या बाजाराला हातात येतो. मोठ्या शेडचा धंदा हा वेगळा विषय आहे. इथे फक्त दहा कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढ्याच संसाराचा विचार केला आहे.

आधी एक कडू आठवण

कोंबडी म्हटलं की आपल्या जिल्ह्यात २०१९ साल आठवतंच. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातली काळ्या मांसाची कडकनाथ ही काटक जात. २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिचं नाव पुढे करून ‘पैसे भरा, पिलं घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावानं उचलू’ अशी योजना वाळवा तालुक्यातून निघाली आणि हजारो शेतकरी तिच्यात अडकले. खरेदी थांबली, खाद्य संपलं, आणि लोकांच्या दारात उपाशी पक्ष्यांचे थवे उरले. यात कोंबडीचा दोष नव्हता. पिलं विकणारा तोच आणि माल घेणाराही तोच असला, की त्याने हात वर केल्यावर आपण जायचं कुठं?

परड्यातल्या दहा गावरान कोंबड्यांना ही भीती नाही. गिऱ्हाईक गल्लीतच असतं, आणि नाही आलं तर अंडं घरातली पोरं खातात.

खुराडं

दहा-अकरा पक्ष्यांना रात्री मुक्कामाला चार फूट लांब, तीन फूट रुंद खुराडं पुरतं. ते जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असावं, म्हणजे ओल लागत नाही आणि खालची घाण झाडता येते. जाळी बारीक हवी. मुंगूस एवढ्याशा फटीतून आत शिरतं आणि एका रात्रीत सगळा खेळ आटोपतं. वारा खेळता असावा, पण पावसाची झड आत येता कामा नये. बसायला आत आडवी काठी बांधावी.

तळाला बारीक तोडलेलं वाळलेलं पाचट चालतं. मात्र ते कोरडं पाहिजे. बुरशी धरलेलं पाचट किंवा कारखान्यावरून आणलेला ओला बगॅस घातला, तर पिलांच्या छातीत बुरशी बसते आणि ती धापा टाकून मरतात. कोपऱ्यात एका पाटीत राख आणि कोरडी माती ठेवावी. कोंबडी तिच्यात लोळते, त्यानं उवा-पिसवा कमी होतात.

चारा-पाणी

मोकळी सोडलेली कोंबडी निम्मं पोट उकिरड्यावर आणि बांधावर भरते. संध्याकाळी परत आल्यावर दर कोंबडीमागे मूठभर ज्वारी, मका किंवा कणी टाकावी. त्याने ती वेळेवर घरीही येते. बुरशीचा मका किंवा कुबट शेंगपेंड जनावराला नको म्हणून कोंबडीपुढे टाकू नये. त्या बुरशीचं विष कोंबडीला जनावरापेक्षा लवकर बाधतं. अंड्याचं कवच पातळ येऊ लागलं तर शिंपल्यांचा चुरा द्यावा, नाहीतर घरचीच टरफलं भाजून, बारीक करून द्यावीत. पाणी सावलीत, पसरट भांड्यात ठेवावं आणि उन्हाळ्यात दोनदा बदलावं.

नांगरटीच्या वेळी कोंबड्या रानात सोडल्या तर वर आलेली हुमणी त्या वेचून खातात. पण ज्या उसात दाणेदार कीटकनाशक टाकलं आहे, तिकडे कोंबडी जाता कामा नये. तो दाणा तिला धान्यासारखाच दिसतो. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी कोणाच्या गोठ्यात जुनी पिशवी पडली असेल तर ती उघडीसुद्धा ठेवू नका.

रवण

गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी हा तिचा हिशोब. तेवढ्यात भागत नसेल तर गिरिराज, वनराज या जाती जास्त अंडी देतात. पण त्या खुडूक फारशा बसत नाहीत, म्हणून उबवायला गावरान कोंबडीच लागते.

रवणीला दहा-बारा अंडी पुरेत. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ, न धुतलेली आणि आठवड्याच्या आतली असावीत; उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आतली. कोंबडी संध्याकाळी बसवावी, म्हणजे रात्रीत ती स्थिर होते. घमेल्यात राख, वर मऊ गवत आणि कडुलिंबाचा पाला, जागा अंधारी. दाणा-पाणी जवळच ठेवावं. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरीवर अंडी धरून पाहावीत. तांबड्या शिरा दिसल्या तर अंडं जिवंत, नितळ दिसलं तर वांझ. ते काढून टाकावं. एकविसाव्या दिवशी पिलं बाहेर येतात. ऐन मे महिन्यात आणि झडीच्या पावसात रवण टाळावी, हिवाळ्यातली पिलं चांगली वाढतात.

पहिला आठवडा आई आणि पिलं डालग्याखालीच ठेवावीत. पाण्याच्या ताटलीत खडे टाकावेत, नाहीतर पिलू त्यात पडून मरतं. पुढे दीड महिना घार, कावळा आणि मांजर यांच्यावर नजर ठेवणारं कोणीतरी घरात हवं. कोंबडा मात्र दर एक-दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा आणावा. घरचाच कोंबडा राहिला की पिलं खुरटी निघतात.

मानमोडी

आमच्या घरी एका उन्हाळ्यात सोळा कोंबड्या होत्या. बाजारातून एक तलंग आणली आणि तशीच खुराड्यात सोडली. पंधरवड्यात तीन कोंबड्या उरल्या. हिरवी-पांढरी हगवण, धाप, मग मान वाकडी. हीच मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिला औषध नाही, फक्त लस आहे. आईनं त्या दिवसांत रिकामं खुराडं झाडणंही सोडलं होतं. तिचा भिशीचा हप्ता त्या अंड्यांवर चालत होता, हे आम्हांला नंतर कळलं.

पिलू सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि दोन महिन्यांचं झालं की पंखाखाली आर-टू-बी लसीची सुई. देवीची लसही त्याच सुमारास. नक्की वेळापत्रक आपल्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. नवा पक्षी आणला तर दोन आठवडे वेगळा डालावा.

आता खरी अडचण सांगतो. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून लस राहते आणि साथ आली की गल्लीच्या गल्ली साफ होते. पण दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवला, आदल्या रात्री कोंबड्या डालून ठेवल्या आणि सकाळी उन्हाच्या आत लस टोचून घेतली, तर खर्च नावालाच येतो. पाटाच्या पाण्याची पाळी आपण ठरवतोच ना? तशीच ही लसीची पाळी.

मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा पाटात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर हात न लावता दवाखान्याला कळवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही.

आणि नदीकाठच्या सभासदांसाठी एक सूचना. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. जनावरं सोडवताना कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्याच राहतात. पाणी चढू लागलं की खुराड्याची कडी आधी काढा आणि डालगी माळवदावर न्या.

सहकार म्हणजे केवळ उसाचं वजन आणि वार्षिक सभा नव्हे. एका गल्लीतल्या बारा घरांनी मिळून लसीची एक कुपी वेळेवर संपवली, तर तोही सहकारच. येत्या हिवाळ्यात रवण बसवायच्या आधी ही पाळी ठरवा, आणि ठरवताना घरातल्या मालकिणीला आधी विचारा. कोंबड्या तिच्या आहेत.