बाजाराच्या दिवसापासून मोजायचा आठवडा

आठवड्याच्या जेवणाचा तक्ता मोबाइलवर शोधला, तर सोमवारी पनीर आणि मंगळवारी मशरूम निघतं. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-लोहाऱ्याकडच्या खेड्यात हा तक्ता चालायचा नाही. इथला आठवडा सुरू होतो तो बाजाराच्या दिवशी, आणि काय शिजवायचं हे आवडीपेक्षा काय आधी सुकेल यावर ठरतं.

मेथी, शेपू, चुका पहिल्या दोन दिवसांत संपवायचा. मग गवार, दोडका, वांगी. कांदे-बटाटे मागे ठेवायचे. पुढच्या बाजाराच्या आदल्या दोन दिवसांत टोपली रिकामी होते, तेव्हा डबे उघडायचे: हुलग्याचे शेंगोळे, सांडग्याची भाजी, पिठलं, नाहीतर येसराची आमटी. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने आणि खडा मसाला भाजून दळला की येसर तयार. प्रमाण घरोघर वेगळं. दोन चमचे पाण्यात कालवून फोडणीत ओतलं की भाजीवाचून भाकरी चुरता येते. पै-पाहुणा अवचित आला तरी घर अडत नाही.

ज्वारीचं गणित मात्र वेगळं. धान्य वर्षभर टिकतं, पीठ टिकत नाही. जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. किलोभर पिठात दहा-बारा भाकरी धरा, घरातल्या माणसांप्रमाणे हिशेब करा आणि आठवड्यापुरतंच दळण टाका.

म्हणून यादी एक नको, तीन हव्यात. तिखट, डाळी, पापड-कुरडया वर्षाच्या यादीत. ते काम उन्हाळ्यातलं. तेल, साखर, चहापत्ती महिन्याच्या यादीत. रेशनही तिथेच: प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, म्हणजे पाच जणांच्या घरात 25 किलो धान्य आधीच धरून चालायचं. आठवड्याच्या यादीत मग भाजी आणि किरकोळ सामान एवढंच उरतं. यादी लिहायची ती डबे हलवून बघितल्यावर. आणि बाजाराला जाणाऱ्याच्या हातात ती कागदावर द्यावी. तोंडी सांगितलेलं स्टँडवरच्या चहापर्यंत टिकत नाही. बाजार उठताना भाव पडतात हे खरं, पण त्या वेळी टोमॅटो-वांगी घ्यावीत. सकाळपासून उन्हात बसलेली मेथी स्वस्तात मिळाली तरी महागच.

खरी अडचण यादीच्या आधीची आहे. जिल्ह्यात खरिपाला सोयाबीनच सोयाबीन. ते आडतीवर जातं आणि शेतकऱ्याच्याच घरात तुरीची डाळ किराणा दुकानातून येते, हात आखडला असेल तेव्हा पाव-पाव किलोनं आणि उधारीवर. पाव किलोची खरेदी सगळ्यात महाग पडते, आणि नेमकी ती ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच करावी लागते. इथे कुठलाही तक्ता कामाचा नाही.

या गाठीला हात घातला तो स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) पुनर्बांधणीत प्रेमा गोपालन आणि सहकाऱ्यांनी बायकांना पुढे आणलं होतं. पुढे दुष्काळाच्या काळात संस्थेनं ‘एक एकर’ शेती रुजवली. घरच्या रानातला एकरभर तुकडा बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्यं आणि भाज्या मिसळून घ्यायच्या; आधी घराला, उरलं तर बाजाराला. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. माझ्या मते त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट एकर नाही, तर काय पेरायचं हे चुलीपुढच्या बाईनं ठरवणं. तिला महिन्याला किती डाळ लागते हे आडत्याला कुठून कळणार?

वेळ अमावस्येच्या, म्हणजे रानात जाऊन जेवायच्या सणाच्या, आठवड्यात मात्र सगळाच क्रम उलटतो. भज्जीला तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे एकदम लागतात आणि ऐनवेळी भाव चढतात. रानात तूर असेल त्यांना चिंता नाही. बाकीच्यांनी त्याआधीच्या बाजारात बेसन, चिंच, शेंगदाणे आणून ठेवावेत, अमावस्येसाठी फक्त ओले दाणे ठेवावेत, आणि आंबिलीसाठी ताकाचं शेजारी आधीच सांगून ठेवावं.