सहा हजार कोटींचे वाचन कोण मोजणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मान्यता दिली आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांना एकाच राष्ट्रीय वर्गणीतून वाचता यावीत, असा तिचा हेतू आहे. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे राज्य विद्यापीठ असले, तरी पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील संलग्न महाविद्यालये बहुधा खासगी शिक्षणसंस्था चालवतात. त्यामुळे योजनेचा लाभ तेथील प्राध्यापकापर्यंत आणि विद्यार्थ्यापर्यंत प्रत्यक्षात किती पोहोचतो, हे तपासल्यावाचून कळणारे नाही.

शिवाय ही वर्गणी म्हणजे मुक्त विज्ञान नव्हे. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचे निबंध, त्यामागील विदा आणि पद्धती कोणालाही विनामूल्य पाहता व वापरता याव्यात, हा मुक्त विज्ञानाचा अर्थ आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी डिसेंबर २०१४ मध्ये, तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने त्याआधी २०१३ मध्येच या दिशेने धोरण जाहीर केले होते. गुलाबी बोंडअळीवरचा निबंध वर्गणीच्या कुलुपाआड राहिला, तर पाचोरा तालुक्यातील कापूस उत्पादक आणि त्याला औषध सुचवणारा कृषी सेवा केंद्राचा चालक दोघेही दाराबाहेरच राहतात.

मुक्ततेने नेमके काय साधते, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. फिलिप डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या ११ नियतकालिकांतील काही निबंध चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक पद्धतीने निवडून सर्वांसाठी खुले केले गेले. ते खूप अधिक वेळा उतरवून घेतले गेले, पण पहिल्या वर्षात त्यांचा इतर निबंधांतील उल्लेख वाढला नाही. उलट २०१८ मध्ये हेदर पिवोवर आदींनी मोठ्या नमुन्यावर केलेल्या पाहणीत मुक्त निबंधांना सरासरी १८ टक्के अधिक उल्लेख मिळाल्याचे दिसले. विसंगतीचे एक संभाव्य कारण असे, की पाहणीत आपला निबंध खुला करण्याची निवड लेखक करतो आणि चांगला निबंधच तो आवर्जून खुला करत असेल, तर श्रेय मुक्ततेला द्यावे की गुणवत्तेला, हे सांगता येत नाही. प्रयोगाने ही गुंतागुंत सोडवली. तो शक्य झाला, कारण अँड्र्यू मेलन प्रतिष्ठानने त्यासाठी अनुदान दिले होते.

भारतीय योजनेच्या वापराचा आणि लाभार्थी संस्थांतील लेखकांच्या प्रकाशनांचा वेळोवेळी आढावा ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ने घ्यावा, असे ठरले आहे. हे चांगलेच आहे. पण उतरवून घेतलेल्या निबंधांची मोजदाद म्हणजे लाभाचा पुरावा नव्हे, हे वरील प्रयोगच सांगतो. शेतकरी, तालुका रुग्णालयातील डॉक्टर, संस्थेबाहेरचा अभ्यासक अशा आढाव्यात दिसतच नाहीत. म्हणून वर्गणीच्या रकमेतील अल्पसा वाटा प्रकाशकांशी आणि मंत्रालयाशी संबंध नसलेल्या संशोधकांना स्वतंत्रपणे द्यावा, त्यांनी पाचोऱ्यासारखी गावे अभ्यासात घ्यावीत आणि गोळा झालेली विदाही खुली ठेवावी. सध्याची तरतूद २०२७ अखेर संपते. पुढील करार कोणत्या आधारावर करायचा, याचा अभ्यास त्याआधीच सुरू व्हायला हवा.