यंत्राचे डोळे आणि कामगाराची नजर



1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. पुढे जिनिंग-प्रेसिंगची यंत्रे आली. आता याच धंद्याच्या दाराशी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' उभी आहे. ही काही जादू नव्हे. रुईत गोणपाटाचा धागा किंवा प्लास्टिकचा तुकडा कसा दिसतो, याची हजारो छायाचित्रे यंत्राला दाखवावयाची. त्यांत कचरा कोणता, हे माणसाने सांगावयाचे. त्यावरून यंत्र नव्या छायाचित्राविषयी अंदाज बांधते. म्हणजे यंत्राची ही विद्या कापूस निवडणाऱ्या बायांच्या नजरेची उसनवारी आहे. शिवाय अंदाज चुकतोही. कापसाचे वाण बदलले, उजेड बदलला, की यंत्र गोंधळते.

म्हणून लहान कारखानदाराने प्रथम एकाच कामावर, एका हंगामापुरते यंत्र लावून त्याच्या चुका मोजाव्यात. अखेरचा शब्द अनुभवी कामगाराचा ठेवावा. आणि यंत्र आणण्याआधी कामगारांशी बोलावे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने अशा यंत्रसुधारणेसाठी वाट दाखविलीच होती: असलेल्या कामगाराची नोकरी वा मिळकत जाऊ नये, कामाचा बोजा नीट मोजावा आणि लाभाचा वाटा मालक, कामगार व समाज या तिघांनाही मिळावा.

जिच्या नजरेवर यंत्र शिकले, तिलाच दाराबाहेर काढणे हा व्यवहार नव्हे. उसने घेतलेले परत करावे लागते, हे खामगावच्या बाजारपेठेला मी काय सांगावे?