रिग लावताना

इलेक्ट्रिक गिटार काहीही न जोडता वाजवली, तर शेजारच्या खोलीतही जेमतेम ऐकू येते. आतून पोकळ नसल्यामुळे तारेचा आवाज फुलत नाही. पत्र्याच्या डब्यावर नखानं टिचकी मारावी तसा तो बारीक आणि कोरडा राहतो. माझी भाची सहा महिने अशीच वाजवत होती. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरचं घर, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ आणि क्लासहून परत यायला रोजचे साडेनऊ. ॲम्प्लिफायर आणला तरी वाजवायचा कधी? शेवटी एका रविवारी माझा जुना ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा आवाज संगणकात नेणारा डबा, पिशवीत घालून मी तिच्याकडे गेलो. तिची गिटार, तिचा लॅपटॉप आणि एक हेडफोन एवढ्यावर रिग, म्हणजे वाजवण्याची सगळी जोडणी, उभी करायची होती.

गिटारचा ॲम्प हा मुळात मंचासाठी घडलेला. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 85 वॅटचा, वजन 29 किलोंच्या आसपास. काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, चालणाऱ्या अनेक ॲम्पच्या आवाजाला जो खरखरीत गोडवा असतो, तो व्हॉल्व्हवर पुरेसा ताण आला की उतरतो, म्हणजे आवाज मोठा केल्यावरच. हा गोडवा घरात, कुणाची झोप न मोडता मिळावा ही इच्छा जुनी आहे. 'बॉस्टन' या बँडचा गिटारवादक टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्यानं 1982 मध्ये रॉकमन नावाचा, हेडफोन लावून वाजवायचा छोटा ॲम्प बाजारात आणला. आज तेच काम लॅपटॉप करतो. मात्र तो आपण होऊन करत नाही. तंबोरा लावावा लागतो, तबला लावावा लागतो, तशी रिगही लावावी लागते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जावं आणि एका जागी तार अचानक बोलू लागावी, तशी एकेक जागा इथंही सापडते. शोधायची मात्र कानानं.

सुरुवात जॅकपासून. गिटारच्या तारांखाली जे पिकअप असतं, त्यात चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज जागी होते. हा संकेत फार नाजूक. इंटरफेसवर दोन मार्ग होते: एक कीबोर्ड, मिक्सर अशा यंत्रांसाठीचा 'लाइन', दुसरा 'इन्स्ट्रुमेंट'. लाइनचा रोध साधारण दहा हजार ओहम, तर इन्स्ट्रुमेंटचा दहा लाखांच्या घरात. मी मुद्दाम आधी लाइनवर ठेवून तिला वाजवायला सांगितलं. मग शेजारचं बटण दाबलं.

"मामा, कुणीतरी तोंडावरची चादर काढल्यासारखं वाटलं," ती म्हणाली.

नेमकं तेच झालं होतं. कमी रोधाचा मार्ग पिकअपवर भार टाकतो आणि वरचे, चमकदार स्वर तिथंच विझतात. पुढं कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी ते परत येत नाहीत. म्हणून पहिली जागा ही. दुसरी गेनच्या, म्हणजे संकेत किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या बटणाची. सर्वांत जोरात स्ट्रम केल्यावरही काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. व्हॉल्व्ह ओसंडला तर कानाला बरं वाटतं. संगणकाच्या मोजपट्टीवर शून्याच्या वर जागाच नसते, तिथं लहर सपाट कापली जाते आणि फाटल्याचा आवाज येतो.

आता वेळ. तिनं पहिला ताल धरला आणि तीनच मात्रांत थांबली. "आवाज मागून येतोय." संगणक ध्वनीचे सेकंदाला 48,000 नमुने घेतो, पण एकेक करून हाताळत नाही, ठरावीक संख्येची घमेली भरून पुढं पाठवतो. या घमेल्याला बफर म्हणतात. तिच्या लॅपटॉपवर तो 1024 नमुन्यांचा होता. एक बफर भरायला 21 मिलिसेकंद. आत येताना एक, बाहेर जाताना एक, शिवाय यूएसबी आणि रूपांतराचा वेळ. एकूण 45 च्या पुढं. हवेतला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे ती घरात तार छेडत होती आणि तिचा ॲम्प जणू 15 मीटरांवर, रस्त्याच्या पलीकडे वाजत होता. अशानं हात कचरतो, बोटं आवाजाची वाट पाहू लागतात आणि नवशिक्याला वाटतं की आपलाच ताल कच्चा आहे.

विंडोजची नेहमीची ध्वनिवाट सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून पुढं नेते, म्हणून रेंगाळते. ती टाळून थेट इंटरफेसशी बोलण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीनं आखलेली एएसआयओ ही पद्धत आहे. इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकला. बफर 512, मग 256, मग 128 केला. हा सुमारे 2.7 मिलिसेकंदांचा, आणि सगळं मिळून दहाच्या आत. म्हणजे ॲम्प आता तीन मीटरांवर, खोलीच्या कोपऱ्यात आला. 64 वर गेल्यावर मात्र हेडफोनमध्ये चटचट सुरू झाली, कारण प्रोसेसरला वेळेत घमेलं भरता येईना. वायफाय बंद केलं, 'हाय परफॉर्मन्स' निवडलं, तरी अधूनमधून एखादी चट यायचीच. परत 128 वर आलो. इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर' बटणही बंद केलं, नाहीतर कोरडी गिटार आणि सजवलेली गिटार एकावर एक ऐकू येतात. तिनं पुन्हा ताल धरला. या वेळी थांबली नाही.

मग हात तारांवरून उचलताच गुणगुण सुरू झाली. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण 50 आणि तिच्या पटींत येते. शोध घ्यायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर होता. तो पूर्ण पाचवर नेला, बारीक चिरचिर गेली. भाची लॅपटॉपपासून हातभर लांब जाऊन वळून बसली, गुणगुण आणखी कमी झाली. एका गुंडाळीचं पिकअप आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र तारेच्या थरथरीइतक्याच निष्ठेनं पकडतं. यावर तोडगा म्हणून 1955 मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी उलट वेढ्यांच्या दोन गुंडाळ्या जोडून हंबकर बनवला. तिच्या गिटारवर दोन पिकअप एकत्र जोडणाऱ्या दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर तोच परिणाम मिळाला.

तरीही एक जाड घरघर उरली. तारेला बोट लावलं की ती दबायची, चार्जर काढला की जायची. पण चार्जर काढला की लॅपटॉप मंदावतो आणि चटचट परत येते. खरा दोष भिंतीत होता. बोर्डाला तीन भोकं होती, अर्थिंगची वायर मात्र आत सुटलेली. ओळखीच्या वायरमनला बोलावून ती जोडून घेतली. घरघर गेली, आणि धातूच्या तारांना सतत हात लावून बसणाऱ्या मुलीसाठी सुरक्षितता आली, हे त्याहून मोठं.

एवढं झाल्यावरच आम्ही ॲम्पकडे वळलो. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घेतलं. यात खऱ्या ॲम्पमध्ये एक ठरावीक ध्वनी सोडतात, बाहेर काय आलं ते रेकॉर्ड करतात आणि आत-बाहेरचं नातं संगणकाला शिकवतात. ॲम्पचा असा टिपलेला नमुना, म्हणजे एक कॅप्चर, उघडला, तिनं कॉर्ड वाजवला आणि हेडफोन कानावरून ओढला. बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज! कारण ॲम्पच्या पुढं स्पीकर नव्हता. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर पडू देत नाही. विकृत झालेल्या ध्वनीची टोकं तोच झिजवतो. देवळाच्या सभामंडपात एकदाच टाळी वाजवावी आणि तिच्या घुमण्यावरून मंडपाचा स्वभाव कळावा, तसा स्पीकर आणि त्यासमोरचा मायक्रोफोन यांचा स्वभाव एका छोट्या ध्वनिफाइलीत टिपलेला असतो. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. श्युअर कंपनीचा एसएम57 मायक्रोफोन समोर ठेवून टिपलेली एक फाइल जोडली. गांधीलमाशी गेली, लाकडाची पेटी बोलू लागली.

तिथून पुढं मी हात आखडता घेतला. सॉफ्टवेअरमध्ये शेकडो पेडल आणि कॅप्चर मिळतात. नवा मुलगा महिनाभर ते चाळत राहतो आणि गिटार कोपऱ्यात उभी राहते. आम्ही एक स्वच्छ आवाज ठेवला, एक खरखरीत, आणि स्पीकरनंतर थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. गेन आणि बफरचे आकडे तिनं वहीत लिहून घेतले. आवाज मोठा केला की कानाला खालचे स्वर जास्त भरतात, म्हणून जेवढ्या आवाजात रोज वाजवायचं, तेवढ्यातच आवाज लावला.

रात्री दहाच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत जेवत होतो. आतून तीच कोरडी, पत्र्यासारखी टिकटिक येत होती. पलीकडे बाळ झोपलेलं. पण टिकटिकीतही फरक कळत होता. उजवा हात आता आवाजाची वाट पाहत नव्हता. काही स्वर ती शेवटपर्यंत विझू देत होती, म्हणजे ते तिला लांबपर्यंत ऐकू येत होते. दारातून डोकावलो. बराच वेळ माउसला हात न लागल्यामुळे लॅपटॉपचा पडदा विझून काळा झाला होता, आणि ती डोळे मिटून वाजवत होती. रिग लागली होती.