धरणाबद्दल गावाला विचारतात कुठे?

पैनगंगा यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवरून वाहते. तिच्यावरच्या निम्न पैनगंगा प्रकल्पाचं मूळ १९७५ सालच्या महाराष्ट्र-आंध्र करारात आहे, आणि दोन्ही काठांवरच्या बुडीत गावांचा विरोधही चिवट आहे. अशा प्रकल्पात हमखास होणारी गल्लत म्हणजे, जनसुनावणी झाली की गावाची संमती मिळाली असं धरून चालणं.

जनसुनावणी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना देतं. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत ठेवतात, सारांश मराठीत मिळतो. (त्यात पुनर्वसनाचं पान आधी शोधावं, बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात.) मांडवात अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी. सगळ्याचं चित्रीकरण होतं. गणपूर्तीची अट मात्र नाही. दहाच माणसं आली तरी सुनावणी वैध, आणि दहा हजारांनी नकार दिला तरी तो फक्त नोंदला जातो.

संमतीचा मुद्दा येतो वनहक्क कायद्यात. वनजमीन वळती करायची तर ग्रामसभेचा ठराव हवा, तोही निम्म्या गणपूर्तीसह, असं केंद्राचं ऑगस्ट २००९ चं परिपत्रक सांगतं. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ साली बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, आणि खाण अडली. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्काच्या पूर्ततेचं हे काम राज्यांवर सोडलं, तेही केंद्राच्या मंजुरीनंतर. आधी निर्णय आणि मग विचारणा, हा उलटा क्रम मला पटत नाही.

तालुक्याची हद्दही आडवी येते. घाटंजी, केळापूर, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. महागाव तालुका मात्र त्या यादीत नाही. म्हणजे तिथल्या आंध आदिवासींना, नदी तीच असली तरी, पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा) आधार नाही. त्यांच्या हाती उरतो वनहक्क. म्हणून सामूहिक वनहक्काचा दावा प्रकल्पाची फाईल हलण्याआधी दाखल झालेला बरा.

सुनावणीच्या दिवशी भाषण संपलं म्हणून घरी जाऊ नये. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक असतं. आपला मुद्दा गाळला असेल तर तिथेच उठून सांगावं. पुढे ते ग्रामपंचायतीतही लावतात, आणि त्यावरचं म्हणणं मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे थेट पाठवता येतं.